सायकल आराखड्याला हवी ऋतूंची जोड

'सायकलींचे शहर' ही पुण्याची जुनी ओळख. ती परत मिळविण्यासाठी महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली. ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गांचे जाळे त्यात सुचविण्यात आले. मात्र, मार्ग कोठे हवा, हे ठरविताना त्यावर सायकली किती धावतात, याबरोबरच त्या केव्हा धावतात, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

कामावर जाण्यासाठी कोणते वाहन वापरता, याची विचारणा २०११ च्या जनगणनेत झाली. ही गणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान पार पडली. त्यातून 'नेहमीचे' साधन कळले. पण जुलैत तीच व्यक्ती काय करते, हे कळण्याची सोय त्यात नव्हती. शिवाय हा प्रश्न ठरावीक कामगारवर्गापुरताच असल्याने शाळकरी सायकलस्वार त्यातून सुटले.

पुण्यातील पावसाचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन असह्य होते. मेमध्ये रस्त्यावर सायकली कमी दिसल्या, तर त्याचे कारण ऊन की शाळांची सुटी? शाळेजवळचा रस्ता आणि कारखान्याकडे जाणारा रस्ता येथे स्वतंत्रपणे मोजल्याखेरीज याचे उत्तर मिळणार नाही.

यासाठी प्रत्येक चौकात वर्षभर माणसे उभी करण्याची गरज नाही. मोजक्या ठिकाणी स्वयंचलित गणकयंत्रे बारा महिने चालवायची आणि इतरत्र काही दिवसांची मोजणी करायची. वर्षभराच्या नोंदींवरून प्रत्येक महिन्याचे प्रमाण काढले, की अल्पकालीन आकड्यांवरून वार्षिक अंदाज बांधता येतो. मात्र, शाळेचा, कामगारवस्तीचा आणि हौशी सायकलस्वारांचा रस्ता यांना एकच प्रमाण लावून चालत नाही.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन दर दोन वर्षांनी सायकल वाहतुकीचा ताळेबंद प्रसिद्ध करीत आली आहे. बर्फ पडल्यावर तेथे प्रमुख सायकलमार्ग प्राधान्याने मोकळे केले जातात. प्रतिकूल ऋतूतही सायकलस्वार रस्त्यावर असतो, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी राहिली. पुण्यासाठी बर्फाच्या जागी साचलेले पाणी, खड्डे आणि निसरडा चिखल ठेवला, की धडा तोच उरतो.

खरा धोका आकड्यांच्या चुकीच्या अर्थाचा आहे. पावसाळ्यातील मोजणीवरून 'मार्ग ओस पडला' असा निष्कर्ष काढून ती जागा वाहनतळाला देणे सोपे आहे. परंतु भर पावसात पॅडल मारणारा बहुधा सुरक्षारक्षक, वृत्तपत्र विक्रेता किंवा मजूर असतो. त्याच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. हौशी सायकलस्वार घरी थांबू शकतो, त्याला थांबता येत नाही. जुलैतील आकडा लहान असेल. पण मार्गाची गरज कोणाला सर्वाधिक आहे, हे तोच सांगतो. नियोजनकारांनी तो वगळला, तर आराखडा हिवाळ्यातील सकाळपुरताच उरेल.