हा रोमन कोण?

लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती, की रोमन अंक केसांपासून झाले असावेत. 'रोम' म्हणजे अंगावरचा केस, असं गुरुजींनी एका तासाला सांगितलं आणि पुढच्याच तासाला फळ्यावर तीन उभ्या रेघा ओढून 'हे रोमन अंक' असं जाहीर केलं. थंडीनं अंगावर काटा यावा तशाच त्या रेघा दिसत होत्या. पुढे कळलं, की रोम नावाचं एक शहर आहे आणि ते इ. स. 64 मध्ये जळलं. त्याची बोंब अजून चालू आहे. आमचं जळगाव दर मे महिन्यात जळतं, त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही.

ते साम्राज्य गेलं, पण 'रोमन' शब्द लग्नातल्या लांबच्या मामासारखा दोन्ही पंगतींना हजर! घड्याळात रोमन आकडे, चर्चमध्ये रोमन कॅथलिक, वकिलाच्या कपाटात रोमन कायदा. छापखान्यात तिरक्या नसलेल्या सरळ इंग्रजी टायपाला रोमन म्हणतात. आमच्या बँकेतली पत्रं ज्या 'टाइम्स न्यू रोमन' टायपात निघतात, तो तर 1932 साली लंडनच्या एका वर्तमानपत्रासाठी आला. म्हणजे नाव रोमन आणि गाव लंडन.

मी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे परीक्षा हिशोबावरून घेतो. रोमन अंकांत शून्यच नाही! दोन हजार लिहायचे तर दोन अक्षरांत काम भागतं, आणि एक हजार आठशे अठ्ठ्याऐंशी लिहायला तेरा अक्षरं लागतात. रक्कम कमी, अक्षरं जास्त. रोमन साम्राज्य रानटी टोळ्यांनी बुडवलं म्हणतात. मला वाटतं, मार्चअखेर बॅलन्स जुळला नसावा. ज्या आकड्यांनी जगाचा हिशोब चालतो ते इथून अरबांमार्फत युरोपात गेले. संविधानाच्या 343 व्या कलमात त्यांना 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असं म्हटलंय. आपण त्यांना 'इंग्रजी आकडे' म्हणतो. असो.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे रोमन लिपीशी, आणि तेही ती आमच्या नावात शिरते तेव्हा.

खानदेशातली मोठी गावं घ्या. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, पारोळा. सगळ्यांत ळ. रोमनमध्ये ळ नाही, म्हणून एल लिहायचा. मग परगावचा माणूस 'धुले' म्हणतो आणि भुसावळचं भुसावल करतो. यावल आणि एरंडोल यांचा ल मात्र खराच ल! पण ते त्या बिचाऱ्याला कळावं कसं?

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही खानदेशी लोक तरी ळ कुठे म्हणता? खरं आहे. आमची आजी धुळ्याला 'धुये' म्हणायची आणि डोळ्याला 'डोया'. पण अहिराणीनं ळ चा य केला तो घरच्या घरात, आपखुशीनं. रोमननं ळ नेला तो न विचारता.

बरं, रोमनला ते जमतच नाही असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्यानं हजारो ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. 1616 मध्ये ते छापलं गेलं ते रोमन लिपीत! गोव्यातली रोमी कोकणी आजही ळ साठी दोन एल लिहिते. म्हणजे ज्यांनी ही लिपी आपली मानली, त्यांनी ळ ला निदान घर तरी बांधून दिलं. आम्ही ती उसनी आणली आणि ळ ला ओट्यावर झोपवलं.

आमच्या सौभाग्यवती मोबाईलवर रोमनमधून मराठी लिहितात. परवा निरोप आला, 'भजी टी ए एल एल आय'. भजी तळली, टाळली की टल्ली झाली, या विवंचनेत मी दुपारभर कॅश मोजली. (टाळली होती.) तीच गत 'एम ए एल ए' ची. मला, माला, माळा, मळा, काय हवं ते घ्या.

पण हे झालं घरातलं हसणं. काउंटरवर हसू येत नाही. मागच्या उन्हाळ्यात एक आजी पेन्शनसाठी आली. आडनाव पाटील, खानदेशात दुसरं काय असणार? एका कागदावर पाटीलमध्ये आय, दुसऱ्यावर दोन ई. कॉम्प्युटर म्हणाला, या दोन बायका. मी कॉम्प्युटरचा नोकर, मीही तेच म्हणालो.

"मी तीच शे ना रे भाऊ," आजी म्हणाली. "मंग हाई दुसरी कोन शे?"

दोन्ही कागदांवर खाली तिची सही होती. देवनागरीत, मोठ्या अक्षरांत, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गिरवलेली. दोन्हीकडे सारखीच. ती सही कोणी विचारात घेतली नाही, मीसुद्धा नाही. मराठीत लिहिलेला चेक आम्ही घेतो, नियमच आहे तसा. मग मराठीतलं नाव मूळ आणि रोमन ही त्याची नक्कल, एवढं मानायला काय हरकत आहे? कॉम्प्युटरला आता देवनागरी येते, ळ सकट येते. येत नाही ती आम्हाला. नक्कल चुकली म्हणून मूळ माणसाला परत पाठवायचं, हा हिशोब कुठल्या कॉमर्समध्ये बसतो?

आजीला मी शपथपत्र आणायला सांगितलं. तिनं थोडा विचार केला, काउंटरवरचं शाईचं पॅड जवळ ओढलं आणि विचारलं, "भाऊ, अंगठा चालंल का?"

शपथपत्र चार दिवसांनी आलं. इंग्रजीत टाइप केलेलं, टाइम्स न्यू रोमनमध्ये. त्यात तिच्या आडनावाचं तिसरंच स्पेलिंग होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि शिक्का मारला.