इथे सही करा, काकू

मढला नेटची वायर येते ती बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वरून. ती ओढायला आलेल्या मुलाने माझ्या आधार कार्डाचा फोटो स्वतःच्याच मोबाइलवर काढला, ‘ऑफिसला पाठवतो’ म्हणाला आणि वर्सोव्याची फेरीबोट गाठायला पळाला. तो फोटो आता कुठे असेल, देव जाणे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ग्राहक नेटवर काय पाहतो ही माहिती वापरण्याआधी नेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्याची संमती घ्यावी, हा नियम अमेरिकेने त्याच वर्षी, लागू होण्याआधीच मोडीत काढला! आपला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३चा, नियमावली नोव्हेंबर २०२५ची. कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने. दंड २५० कोटींपर्यंत.

मला मात्र त्यातली एक साधी तरतूद मोलाची वाटते. संमतीआधीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवी. माझ्या नेट जोडणीच्या फॉर्मवर होती मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं आणि पेन्सिलीची एक फुली. सही तिथेच केली. फोटो कधी पुसणार, हे विचारायचं राहिलंच.