पेढे वाटून झाले, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की सातारा असो वा सांगली, घरोघरी पेढे वाटले जातात. सहा-सात महिन्यांनी कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल येतो, तेव्हा मात्र त्याच घरातले चेहरे उतरलेले असतात. बारावीला पंच्याऐंशी टक्के मिळवणारी मुलगी दोन विषयांत राहते कशी? ‘कॉलेजात गेली आणि बिघडली,’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

खरं तर मुलगी बिघडलेली नसते, तिची तयारीच झालेली नसते. अकरावी-बारावी म्हणजे क्लास, गाइड आणि ‘आयएमपी’ प्रश्न. सरांनी लिहून द्यायचं, मुलांनी पाठ करायचं. पदवीला सगळं उलटं! एका विषयाला तीन-चार संदर्भग्रंथ, विज्ञानाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. प्राध्यापक बोलत जाणार, टिपणं आपली आपण काढायची. २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. आता क्रेडिट, प्रोजेक्ट, अंतर्गत परीक्षा. दहा ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायची सवय नसलेल्या मुलीनं हे कसं पेलायचं?

मुलाचा विषय राहिला तर ‘एटीकेटी आहे, पुढच्या वेळी सुटेल’ म्हणतात. मुलीचा राहिला की स्थळांच्या गोष्टी सुरू होतात. महिला मंडळाच्या कामात गावोगावी फिरताना हे मी अनेक घरांत पाहिलंय. नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबायची आणि पुढे परत यायची सोय आहे. सोय चांगलीच, पण ‘कागद मिळाला ना, बास झालं’ म्हणून मुलीला घरी बसवायचं ते निमित्त होऊ नये. २०२४-२५ पासून वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. पैशाची अडचण हलकी झाली, पण अभ्यासाची वाट मुलीलाच चालायची आहे.

आपला हा मुलूख कर्मवीरांचा. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलाला दारापर्यंत आणलं की काम संपलं, असं त्या दोघांनी मानलं नाही. तो आत गेल्यावर टिकावा, याची काळजी घेतली.

मग आपण आयांनी काय करायचं? आपल्याला फिजिक्स कुठं येतंय, असं म्हणू नका. ‘आज काय शिकलीस ते मला सांग,’ एवढं रोज विचारा. दुसऱ्याला समजावून सांगता आलं, म्हणजे स्वतःला कळलं. पेपरातला एक लेख वाचून त्यावर पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा. इंग्रजी शब्दांची एक वही ठेवायला सांगा. भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, त्याचं आपण कौतुक करतो. मग आपल्या मुलीला गावातल्या वाचनालयाची वर्गणी भरायला काय हरकत आहे? निकालानंतरच्या सुट्टीत पदवीचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या वेबसाइटवरून काढून घ्या, वरच्या वर्गातल्या एखाद्या ताईशी तिची गाठ घालून द्या.

थोडं कॉलेजांनीही करावं. बऱ्याच ठिकाणी ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेज एकाच आवारात असतं. महिन्यातून एकदा बारावीच्या मुलांना पदवीच्या ग्रंथालयात नेलं, एक तास टिपणं काढायला शिकवलं, तर त्याला खर्च कितीसा येणार?

आणि मैत्रिणींनो, एवढं करूनही पहिल्या सेमिस्टरला विषय राहिलाच, तर स्थळं बघू नका. तिला पुन्हा अभ्यासाला बसवा.