स्टुडिओचे छायाचित्र आणि बापाचे कर्ज

किन्हीराजाचा शेतकरी सोयाबीन विकून मुलीला ‘जनसंज्ञापन’ शिकवावयास निघतो, तेव्हा माहितीपत्रकातील स्टुडिओचे छायाचित्र त्याला पुरावा वाटते. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. त्या स्टुडिओत एका विद्यार्थिनीच्या वाट्यास आठवड्याला किती तास येतात, आणि तिने केलेला कार्यक्रम कोणी ऐकतो काय? पुणे विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’सारखे नभोवाणी केंद्र संस्थेजवळ असेल, तर तिचा आवाज भिंतीबाहेर जातो.

बारावीनंतर लगेच महागडी खासगी पदवी घेण्याची सक्ती कोणी केलेली नाही. १९६० साली स्थापन झालेली पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट दूरचित्रवाणीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम पदवीधरांसाठीच चालविते. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र तर २०११ पासून आपल्या अमरावतीतच आहे. जवळच्या महाविद्यालयात इतिहास किंवा अर्थशास्त्र (हा अर्थातच माझा पक्षपात!) शिकूनही या सरकारी दारांशी जाता येते.

नोकरीचे गणितही मांडले पाहिजे. आकाशवाणीचे नैमित्तिक निवेदक पाळीगणिक मानधनावर राबतात. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही. मग तेथे बातमीदार कशाला लागतील? ही जोखीम शुल्क घेणारी संस्था उचलीत नाही, ती बापाच्या कर्जखात्यावर चढते.

आपल्या कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या हंगामात अशा पालकांसोबत जावे. मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आणि किती वेतनावर आहेत, हे लेखी मागावे. ते उत्तर हाती येईपर्यंत शुल्क भरू नये.