जुनी पाने मोडून मानक सुधारत नाही

वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेतला जुना कचरा एकदाचा काढून टाका, जुनी पाने दिसली नाहीत तरी चालेल, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे आहे. हा प्रयोग होऊन गेला आहे. २००२ मध्ये एक्सएचटीएमएल २ चा मसुदा आला, तो जुन्या पानांशी सुसंगती मुद्दाम सोडून. ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरातील मंडळींनी वेगळी चूल मांडली, आणि २००९ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएचटीएमएल २ चे काम गुंडाळले.

याउलट एचटीएमएल ५ पाहा. 'फाँट', 'सेंटर' हे टॅग नव्या पानांत वापरू नका असे लेखकांना बजावले, पण ब्राउझरने ते ओळखलेच पाहिजेत असा नियमही केला. बंद करायचा राहिलेला किंवा उलटसुलट क्रमाने बंद केलेला टॅग कसा वाचायचा, हेही पायरीपायरीने लिहून ठेवले. पूर्वी प्रत्येक ब्राउझर आपापला अंदाज बांधायचा. नव्या 'व्हिडिओ' टॅगच्या पोटात साधा दुवा लिहिता येतो. जुना ब्राउझर अनोळखी टॅग सोडून देतो आणि आतला दुवा दाखवतो. वाचक रिकाम्या हाताने परतत नाही. मला तरी सुधारणेची हीच रीत पटते.

जुनी पाने लिहिणारे कित्येक जण आज ती दुरुस्त करायला हयात नाहीत. पत्रलेखकाने आपली पाने जरूर काटेकोर लिहावीत. इतरांची पाने बंद पाडण्याची मागणी मात्र मागे घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे