रुग्णालयाचा कारभार आणि विद्यापीठाची पदवी

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महानगरपालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या ५०० खाटांच्या रुग्णालयाकडे वेधले गेले. डॉक्टर अपुरे होते काय, औषधे होती काय, रुग्ण अत्यवस्थ स्थितीतच दाखल झाले होते काय, असे प्रश्न विचारले गेले. शासनाने चौकशी समितीही नेमली. हे प्रश्न रास्तच होते. परंतु त्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न मागे पडला. रुग्णालय चालविणे हे रोग बरा करण्याहून वेगळे, स्वतंत्र शास्त्र आहे, हे आपण मानतो की नाही?

त्या वेळची परिस्थिती आठवून पाहावी. ठाणे शहराच्या मध्यभागी असलेले जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलविण्यात आले होते आणि मनोरुग्णालयाच्या आवारात त्याची तात्पुरती सोय करण्यात आली होती. साहजिकच कळव्यावरील भार वाढला. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही तेथील महापालिकेची रुग्णालये. पण आजार गंभीर झाला की गरीब रुग्णाचे नातेवाईक कळव्याची नाही तर शीवची वाट धरतात. एक रुग्णालय हलविले की दुसऱ्याचा भार वाढणार, हे सांगण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. मात्र तो भार किती वाढेल, कोणत्या कक्षात वाढेल आणि त्यासाठी किती परिचारिका लागतील, याचा हिशेब मांडण्यास प्रशिक्षित माणूस लागतो. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या रचनेत हे काम नेमके कोणाचे, याचे उत्तर सहजी सापडत नाही.

हा हिशेब किती महत्त्वाचा आहे, ते साध्या अंकगणिताने कळेल. ५०० खाटांच्या रुग्णालयात रुग्ण सरासरी पाच दिवस राहत असेल, तर रोज १०० नवे रुग्ण दाखल करून घेता येतात. तपासणीचा अहवाल उशिरा आला, शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, घरी सोडण्याच्या कागदावर सही मिळाली नाही आणि हा मुक्काम सरासरी सहा दिवसांवर गेला, तर रोज जेमतेम ८३ रुग्णांना जागा मिळते. म्हणजे एका दिवसाच्या दिरंगाईने रोज १७ जणांना परत पाठविण्याची किंवा जमिनीवर गादी घालून देण्याची पाळी येते. एकही खाट न वाढविता हा प्रश्न सोडविता येतो. पण त्यासाठी तो कोणाच्या तरी टेबलावर रोज यावा लागतो. खाटांची जी गोष्ट, तीच औषधसाठ्याची, प्राणवायूची आणि विजेच्या जोडण्यांची. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली. अशा आगीपासून इमारत कशी राखावी, हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकविले जात नाही.

ते इतरत्र शिकविले जाते. रुग्णालय व्यवस्थापनाची जाण आपल्या देशाला नव्हती असे नाही. आरोग्य प्रशासनाच्या शिक्षणासाठी दिल्लीत १९६४ मध्ये राष्ट्रीय संस्था निघाली आणि १९७७ मध्ये ती आजच्या राष्ट्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण संस्थेत विलीन झाली. मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकविला जातो आणि व्यवस्थापनाच्या अनेक महाविद्यालयांनीही तो आता स्वीकारला आहे. ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतील, वैद्यकीय प्रवेश हुकलेली पण आरोग्यक्षेत्रातच काम करू इच्छिणारी मुले-मुली या शिक्षणाकडे वळतात. खर्चाचे गणित, नोंदींची व्यवस्था, खरेदी, जैववैद्यकीय कचरा, रुग्णांचे हक्क, कायदा असे विषय ती शिकतात. आणि मग कोठे जातात? बहुतांशी खाजगी रुग्णालयांच्या बिलांच्या विभागात अथवा विमा कंपन्यांत. ज्या रुग्णालयात त्यांची सर्वाधिक निकड आहे, त्याचे दार त्यांच्यासाठी जवळजवळ बंद आहे.

याचे कारण जुने आहे. जिल्हा शल्यचिकित्सक, अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक ही सारी पदे डॉक्टरांची. सेवाज्येष्ठता झाली की कुशल शल्यविशारद टेबलामागे बसतो आणि चादरींच्या धुलाईपासून ठेकेदाराच्या बिलापर्यंत सह्या करू लागतो. त्यात आपण एक चांगला डॉक्टर गमावतो आणि एक नाखूष प्रशासक मिळवितो. शासकीय योजनांनी तर हा बोजा वाढविलाच आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव लाभलेली जनआरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने सर्व रहिवाशांसाठी खुली करण्यात आली व तिचे संरक्षण पाच लाख रुपयांवर नेण्यात आले. पूर्वमंजुरी, कागदपत्रे आणि दावे यांची घडी नीट बसली नाही, तर गरिबाच्या हाती योजनेचे नाव तेवढे राहते.

यावर डॉक्टरमंडळी आक्षेप घेतील की, नाडी न पाहणाऱ्याने आम्हांस हुकूम सोडावेत काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये रॉय ग्रिफिथ्स यांच्या १९८३ च्या अहवालानंतर सरकारी आरोग्यसेवेत व्यावसायिक व्यवस्थापक आले. पण त्याच ब्रिटनमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयात व्यवस्थापन खर्चकपात आणि उद्दिष्टपूर्ती यांच्या मागे लागले आणि रुग्णांचे अतोनात हाल झाले, असे फ्रान्सिस चौकशी अहवालाने २०१३ मध्ये दाखवून दिले. तात्पर्य, व्यवस्थापक हवा, पण तो डॉक्टरांचा मालक नव्हे, सहकारी म्हणून. उपचारांचा निर्णय डॉक्टरांचा. तो निर्णय वेळेवर अमलात येईल अशी व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी व्यवस्थापकाची.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग राज्यांनी उभारावा असे सुचविले आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक रूपरेषाही दिली. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या आकृतिबंधात रुग्णालय व्यवस्थापकांची पदे निर्माण करून ती रीतसर स्पर्धेने भरावीत. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात आणि कल्याणमध्ये आहेत. तेथे या विषयाचा अभ्यासक्रम चालवून विद्यार्थ्यास किमान वर्षभर कळवा, रुक्मिणीबाई वा शास्त्रीनगर येथे काम करणे बंधनकारक करता येईल. विद्यार्थ्यांनी व पालकांनीही भरमसाट शुल्क भरण्यापूर्वी एवढेच विचारावे की, या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने काढावे लागतात? फळ्यावर पोहणे शिकलेल्याच्या हाती बुडणाऱ्याचा जीव सोपविता येत नाही.

दुर्घटना घडली की समिती नेमावयाची, अहवाल मागवावयाचा आणि पुढील दुर्घटनेपर्यंत स्वस्थ बसावयाचे, ही आपली रीत झाली आहे. समिती दुर्घटनेनंतर येते. व्यवस्थापक दुर्घटनेपूर्वी तेथे असतो. त्याच्या पगारावर होणारा खर्च जास्त वाटत असेल, तर तो नसण्याची किंमत आजवर कोणी मोजली, हेही महापालिकांनी एकदा तपासून पाहावे.