एका अक्षराचे अंतर

इंग्रजीत ‘प्रिस्क्राइब’ आणि ‘प्रोस्क्राइब’ अशी दोन क्रियापदे आहेत. कानाला जुळी भावंडे वाटतात. स्वभाव मात्र अगदी उलटे. पहिले म्हणते, ‘हे घ्या’; दुसरे बजावते, ‘खबरदार, हात लावाल तर!’ डॉक्टर औषध प्रिस्क्राइब करतात, विद्यापीठ पाठ्यपुस्तक प्रिस्क्राइब करते. सरकार एखाद्या पुस्तकावर बंदी घालते, तेव्हा ते प्रोस्क्राइब होते. १९१० साली इंग्रज सरकारने खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ची तीच गत केली.

गंमत अशी की, दोघांचे कूळ एकच. लॅटिनमध्ये ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणे. आधी लिहून ठेवला तो झाला नियम. चारचौघांत लिहून लावली ती झाली जाहीर सूचना. मग ही साधी सूचना इतकी कडू का झाली? इ. स. पूर्व ८२ मध्ये सुल्लाने रोममध्ये आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या जाहीर लावल्या. यादीत नाव आले की मालमत्ता जप्त, आणि मारणाऱ्याला इनाम! इ. स. पूर्व ४३ मधल्या तशाच यादीने सिसेरोसारख्या वक्त्याचा बळी घेतला. शब्दाला लागलेला तो डाग पुढे गेलाच नाही.

आपण ‘विहित’ आणि ‘निषिद्ध’ हे शब्द एकमेकांपासून चांगले दूर ठेवले आहेत. तेव्हा पालकहो, मुलाच्या निबंधात ‘ई’च्या जागी ‘ओ’ पडला, तर किरकोळ चूक म्हणून सोडू नका. तेवढ्याने नेमलेले पुस्तक बंदीचे होते. आणि नेमणारा हात व बंदी घालणारा हात पुष्कळदा एकच असतो.